कोल्हापुरात गर्दी वाढली, मग मुक्काम का घटला? पर्यटकांचा पैसा नेमका कोठे खर्च होतो?

महाद्वारकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आमचा ११ खोल्यांचा लॉज आहे. तो आजोबांनी सुरू केला. त्या काळी हुबळी, सोलापूर, पंढरपूरकडची मंडळी वळकट्या घेऊन एस.टी.ने येत आणि अंबाबाई, जोतिबा, नृसिंहवाडी असे दर्शन करत दोन-तीन रात्री राहत, असे वडील सांगत. आता लॉज मी सांभाळतो आणि गेली तीन-चार वर्षे मला एक कोडे पडले आहे.

शनिवार-रविवारी सकाळी दहा वाजायच्या आत बिंदू चौकातील वाहनतळ भरतो. दर्शनाची रांग मंदिराबाहेर येते, मिसळीच्या दुकानांपुढे लोक तिष्ठत उभे असतात. मात्र त्याच शनिवारी रात्री माझ्या ११ पैकी चार-पाच खोल्यांना कुलूप असते. नवरात्र, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना सोडला तर हे नेहमीचेच झाले आहे. सकाळी खोलीची चौकशी करणारे दहा जण आले, तर त्यांतील सहा-सात जण "फक्त अंघोळ करून तयार व्हायचे आहे, दोन-तीन तासांचे काय घ्याल?" असे विचारतात. दुपारी जेवण झाले की त्यांची गाडी पन्हाळ्याच्या किंवा कोकणाच्या वाटेला लागलेली असते.

दुसरीकडे देशांतर्गत पर्यटन कसे वाढते आहे, याच्या बातम्या मी रोज वाचतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी २०१९ मध्ये सुमारे २३२ कोटी होत्या, करोनाच्या २०२० या वर्षी त्या ६१ कोटींपर्यंत खाली आल्या आणि २०२३ मध्ये सुमारे २५० कोटींवर गेल्या. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला. खोलीवरील जीएसटीही बदलला. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी कर नव्हता, १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. मात्र आता चादरी, रंगकाम, दुरुस्ती यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे ज्याला खोल्या नव्याने करायच्या आहेत त्याचा हिशेब वरवर दिसतो तितका सोपा नाही.

मला बँकेचे कर्ज काढून सगळ्या खोल्या नव्या कराव्यात असे वाटते. घरातील मंडळी म्हणतात की खालच्या चार खोल्या काढून तेथे सामान ठेवण्याची आणि अंघोळीची सोय करावी, कारण गिऱ्हाईक तेच मागते. निर्णय मोठा आहे आणि पैसा उसना आहे. लोक प्रवास करतात हे दिसतेच आहे. मात्र ते खर्च कशावर करतात, आणि मुक्कामावर का करत नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे. अभ्यासाने किंवा अनुभवाने सांगू शकणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नमुना पाहणी

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी सरकारी पाहण्यांच्या कामात नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत, घरोघरी बसून प्रश्नावल्या भरल्या आहेत. त्या अनुभवावरून प्रथम आकड्यांविषयी सांगतो, कारण माझ्या मते आपल्या कोड्याचा अर्धा उलगडा तेथेच होतो.

आपण दिलेले २३२ कोटी आणि २५० कोटी हे आकडे 'भेटीं'चे आहेत, माणसांचे नाहीत. देशाची लोकसंख्याच सुमारे १४० कोटी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. एकच माणूस वर्षात चार ठिकाणी गेला तर त्याच्या चार भेटी होतात. ही आकडेवारी राज्यांकडून गोळा होते आणि तिच्यात तीर्थक्षेत्रांचा वाटा फार मोठा असतो. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी उत्तर प्रदेश पहिल्या क्रमांकावर होता, यावरूनच त्याची कल्पना येते. तीर्थक्षेत्रातील भेट मोजणे तुलनेने सोपे असते, पण भेट देणाऱ्याने तेथे रात्र काढली का आणि काढली असल्यास कोठे, हे त्या आकड्यातून कळत नाही. आपला धंदा भेटींवर चालत नाही, रात्रींवर चालतो. म्हणून भेटींचा आकडा पाहून कर्ज काढणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी पद्धत घरांकडून माहिती घेण्याची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात, देशभरातील कुटुंबांना त्यांच्या प्रवासाविषयी आणि त्यावरील खर्चाविषयी विचारले गेले. त्यात मुक्कामी प्रवास आणि त्याच दिवशी परतण्याचा प्रवास असे दोन भाग वेगळे केले होते, आणि प्रवासाचे कारणही विचारले होते. मुक्कामी प्रवासांपैकी बहुतांश प्रवास सामाजिक कारणांसाठी होते, असे त्यातून दिसले. लग्न, बारसे, सुतक, माहेरपण, आजारी नातेवाइकाची भेट. फिरायला म्हणून किंवा देवदर्शनाला म्हणून मुद्दाम काढलेले प्रवास त्या मानाने पुष्कळ कमी होते. म्हणजे आपल्या देशात माणूस घराबाहेर रात्र काढतो ती मुख्यतः नात्यागोत्याच्या घरी. पुण्याची एखादी मुलगी मावशीकडे बारशाला कोल्हापुरात आली, सकाळी अंबाबाईला जाऊन आली, दोन रात्री राहून परत गेली, तर पाहणीच्या दृष्टीने तो पूर्ण मुक्कामी प्रवास आहे. लॉजच्या रजिस्टरात मात्र त्याची एक ओळही नसते.

आता खर्चाविषयी. घरगुती खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे साडेआठ टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे साडेसात टक्के खर्च येण्याजाण्यावर आणि इंधनावर होता. त्यात कामावर जाण्याचा रोजचा खर्चही धरलेला आहे, त्यामुळे तो सगळा सहलीचा समजू नये. परंतु त्याच पाहण्यांतील दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. ग्रामीण घरात १९९९-२००० मध्ये खर्चाचा सुमारे ५९ टक्के भाग खाण्यावर जात असे, तो २०२३-२४ मध्ये सुमारे ४७ टक्क्यांवर आला. म्हणजे पोटाची सोय झाल्यावर उरणारा भाग वाढला आहे, आणि त्या उरलेल्या भागातून गाडी, मोबाइल, शिक्षण, दवाखाना यांच्या रांगेत प्रवासही उभा राहिला आहे. आपल्या दारासमोरून जाणारी गर्दी ही त्याच बदलाची खूण आहे. तिच्या खिशात थोडे पैसे आहेत, पण ते अनेक वाटांनी विभागले गेले आहेत.

जुलै २०२५ पासून देशांतर्गत पर्यटन खर्चाची नवी पाहणी सुरू झाली असून तिचा कालावधी जून २०२६ पर्यंत आहे. जुनी माहिती दहा वर्षांपूर्वीची, म्हणजे करोनाच्या आणि घरोघरी गाड्या येण्याच्या आधीची आहे. त्यामुळे नव्या निष्कर्षांची मी स्वतः उत्सुकतेने वाट पाहतो आहे. आपल्या घरी पाहणीचा माणूस आला तर कृपया त्याला वेळ द्या, एवढी विनंती येथील सर्वच वाचकांना करतो. "आमच्या प्रवासाशी सरकारला काय करायचे आहे?" असे म्हणून दार लावून घेणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मग आपल्याच गावाचे नियोजन अंदाजावर होते.

किलोमीटर

वरील साहेबांनी आकडे फार चांगले समजावले. मी गाडीच्या बाजूने सांगतो. माझ्याकडे एक १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक सात आसनी गाडी आहे. मूळचा कागलचा, आता राहणे उजळाईवाडीला.

पुण्या-मुंबईचा एखादा गट सहलीचे ठरवतो तेव्हा तो मला पहिला प्रश्न विचारतो, "किलोमीटरमागे किती?" दुसरा प्रश्न, "दोन दिवसांत काय काय होईल?" पूर्वी लोक गावाचे नाव सांगत आणि तेथे किती दिवस राहायचे ते ठरवून येत. आता मोबाइलवर दहा ठिकाणांची यादी तयार असते आणि ती सगळी दोन दिवसांत बसवायची असते. रात्री दहाला निघायचे, पहाटे कोल्हापूर गाठायचे, अंघोळ, दर्शन, मिसळ, मग जोतिबा, पन्हाळा, दुपारी तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी एकतर नृसिंहवाडी करून माघारी किंवा घाट उतरून गणपतीपुळ्याचा समुद्र. महाद्वारकर, अंघोळीपुरती खोली मागणारे तुमचे गिऱ्हाईक ते हेच. रात्रीचा प्रवास केला की एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात, हा त्यांचा सरळ हिशेब असतो.

मला या हिशेबाची काळजी वाटते, कारण त्या वाचलेल्या रात्रीची झोप माझ्या चालकाची असते. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे रस्ता अनेक ठिकाणी वळवलेला आहे. अशा रस्त्यावर रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला दिवसभर घाटातून फिरवणे मी आता बंद केले आहे. रात्री गाडी आली की चालकाला दुपारपर्यंत विश्रांती, ही अट मी आधीच सांगतो. त्यामुळे काही भाडी हातची जातात, ती गेली तरी चालतील.

पैसा कोठे जातो, याचे उत्तर माझ्या बाजूने असे आहे: सहलीच्या एकूण खर्चातला मोठा भाग डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि गाडीभाडे यांत जातो. जितकी ठिकाणे जास्त तितके किलोमीटर जास्त, आणि किलोमीटर वाढले की राहण्या-खाण्याच्या पैशाला कात्री लागते. स्वतःची गाडी असलेल्यांचे गणित आणखी बदलले आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींना राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक फास्टॅग पास मिळतो; सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. तो २०० फेऱ्यांसाठी किंवा वर्षभरासाठी, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. त्या दराने सगळ्या फेऱ्या वापरल्या तर एका नाक्याला १५ रुपये पडत. आमच्यासारख्या भाड्याच्या गाड्यांना तो पास नाही. ज्याच्याकडे पास आहे त्याला सकाळी निघून रात्री घरी परतणे पूर्वीपेक्षा परवडते, त्यामुळे सांगली, बेळगाव, कराड, साताऱ्याचे पाहुणे तर आता मुक्कामाचे राहिलेलेच नाहीत. रस्ता चांगला झाला की पाहुणे वाढतात, हे खरे आहे. त्याच रस्त्याने ते त्याच दिवशी परतही जातात.

दक्षिणेकडून येणाऱ्यांचे मात्र वेगळे आहे. तिरुपतीला जाऊन आल्यावर कोल्हापूरची लक्ष्मी पाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे मानणारे भाविक आंध्र, तेलंगणातून रेल्वेने येतात. हरिप्रिया एक्स्प्रेसने उतरलेले कुटुंब हमखास एक रात्र राहते, कारण ते दमलेले असते आणि त्यांची परतीची गाडी ठरलेली असते. स्टेशनवरून मला मिळणारी दोन दिवसांची भाडी बहुतेक त्यांचीच असतात. तुमच्या पाटीवर एक ओळ तेलुगूत आणि एक कन्नडमध्ये आहे का, ते पाहा.

वहीतला प्रवास

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि १९८८ पासून आमच्या घरच्या प्रत्येक प्रवासाचा खर्च एका वहीत लिहीत आले आहे. आता अशा चार वह्या झाल्या आहेत. महाद्वारकरांचा प्रश्न वाचून मी त्या काल पुन्हा काढल्या. त्यांत जे दिसले ते लिहिते, कारण पाहणीत न येणाऱ्या काही गोष्टी घरच्या वहीत येतात.

पहिल्या वहीत 'राहणे' असा रकानाच नाही. तिरुपतीला गेलो तेव्हा देवस्थानाच्या निवासात राहिलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू घरून नेले होते, त्यामुळे खर्च मुख्यतः रेल्वेच्या तिकिटांचा आणि प्रसादाचा. रत्नागिरीला गेलो तेव्हा चुलत नणंदेकडे चार दिवस होतो. तेथे राहण्याचे पैसे लागले नाहीत, पण वहीत 'गुळाची ढेप एक, काकवीचे डबे दोन, वन्संना साडी' अशी नोंद आहे. पाहुणचाराची परतफेड आम्ही गुळाने करत होतो. नमुना पाहणी यांनी सांगितलेले नात्यागोत्याच्या मुक्कामाचे अर्थकारण ते हेच असावे. तो खर्च होतच होता, फक्त तो लॉजमध्ये न होता गुळाच्या दुकानात होत होता.

तिसऱ्या वहीपासून चित्र बदलते. मुले मोठी झाली, नणंद मुलाकडे मुंबईला गेली, रत्नागिरीचे घर बंद झाले. नातेवाइकांच्या घरी चार दिवस राहणे दोन्ही बाजूंना अवघड वाटू लागले. तेव्हा 'राहणे' आणि 'बाहेरचे खाणे' हे दोन रकाने आले आणि पाहता पाहता खाण्याच्या रकान्याने राहण्याला मागे टाकले. चौथ्या वहीत 'पेट्रोल व टोल' सगळ्यांत वर आहे. करोनानंतर मुलाने गाडी घेतली आणि आमचे प्रवास संख्येने दुप्पट झाले, पण रात्री मात्र पूर्वीपेक्षा कमी आहेत. मी दोनदा मोजून पाहिले.

दुसरा बदल स्त्रियांच्या प्रवासाचा आहे आणि त्याविषयी मला आस्थेने सांगायचे आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झालाच होता. आमच्या भिशीत १४ जणी आहेत. त्यापूर्वी आम्ही वर्षातून एकदा, तेही कोणाच्या तरी यजमानांनी गाडी ठरवून दिली तर, कोठे जात होतो. आता तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असे वर्षातून तीनदा स्वतःच्या स्वतः जातो. तिकिटाचे जे पैसे वाचले ते चांगल्या खोलीवर गेले नाहीत, त्यांतून पुढची सहल निघाली. आमच्यातल्या दोघींनी आयुष्यात प्रथमच घराबाहेर पाहुणी म्हणून नव्हे, तर केवळ स्वतःसाठी रात्र काढली. एक जण पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात बसून म्हणाली की आज संध्याकाळी कोणाच्याही चहाची वेळ सांभाळायची नाही. हा आनंद आकड्यांत कसा धरणार, ते मला ठाऊक नाही, पण तो खरा आहे.

आता आम्ही मुक्काम कोठे करतो? शक्यतो भक्तनिवासात. ते केवळ स्वस्त असते म्हणून नव्हे. तेथे एका खोलीत पाच जणींना राहता येते, दर भिंतीवर लिहिलेला असतो आणि पहाटे चारला गरम पाणी असते. लॉजवर चौकशी केली की दोघांचा दर सांगतात, मग जादा गादीचे वेगळे, गरम पाण्याची वेळ सातनंतरची, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. गुडघेदुखीच्या बाईला तिसरा मजला म्हणजे नकारच. एका गावी तर आम्ही सगळ्या बायकाच आहोत हे पाहून "बरोबर कोणी पुरुष नाही का?" असे विचारले गेले. आम्ही तेथून निघालो आणि पुन्हा त्या लॉजकडे फिरकलो नाही. महाद्वारकर, तुम्ही खालच्या खोल्या काढून टाकण्याचा विचार करता आहात, तर मी कळकळीने सांगेन की त्याच खोल्या ठेवा. खालचा मजला, पाच खाटा, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही पद्धतीची शौचालये, पकडायला दांडी, आणि माणशी दर. त्या दराची पाटी दारावर लावा.

आणखी एक. शनिवार-रविवारची गर्दी नोकरदारांची आहे. शेतकरी कुटुंब वाराने बांधलेले नसते, ते पैशाच्या वेळेने बांधलेले असते. माझी बहीण राधानगरी तालुक्यात दिली आहे. दिवाळीच्या तोंडावर दूध संघाकडून दुधाच्या दरातील फरकाची रक्कम हातात आली की तिच्या घरी कपडे, फराळ आणि त्यानंतर एखादी यात्रा, हा क्रम ठरलेला. उसाचे बिल जमा झाले की दुसरी. सोलापूर, सांगली, बेळगावच्या ऊसपट्ट्यातही असेच असणार. असे गट मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या वाराला येतात, मोठ्या संख्येने येतात आणि पहाटेची काकड आरती पाहायची असेल तर आदल्या रात्रीच येतात. त्यांच्याकडे ऑनलाइन आरक्षण नसते. गावातील एक जण कोणाकडून तरी मोबाइल क्रमांक घेतो आणि फोन करतो. तो फोन कोण उचलतो आणि कसा बोलतो, यावर १४ जणींचा मुक्काम ठरतो.

चप्पल लाइन

थोडक्यात लिहितो. आमचे दुकान चप्पल ओळीत आहे. मुक्कामी पाहुणा आणि धावता पाहुणा आम्हाला लगेच ओळखू येतो. धावता पाहुणा दुपारी येतो, चालक फोन करत असतो, तो पहिली दिसेल ती जोडी घेतो आणि बहुतेक वेळा स्वस्तातली, कातड्याऐवजी रेक्झिनची घेऊन जातो. मुक्कामी पाहुणा संध्याकाळी येऊन पाहून जातो, रात्री घरी फोन करून मापे विचारतो आणि सकाळी पुन्हा येऊन तीन-चार जोड घेतो. हाताने शिवलेल्या चपलेची किंमत का जास्त असते, तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन कशासाठी मिळाले, हे समजून घ्यायला त्याच्याजवळ वेळ असतो. तुमची एक खोली भरली की आमच्या कारागिराच्या घरी त्याचा उपयोग होतो, म्हणून हा प्रश्न एकट्या लॉजवाल्यांचा नाही. गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, आणि गुळाचे दुकानदारही हेच सांगतील.

महाद्वारकर

इतक्या तळमळीने लिहिलेल्या उत्तरांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. दोन आठवडे लिहू शकलो नाही, कारण ताईंच्या वह्यांविषयी वाचल्यावर मीही जुनी रजिस्टरे काढून बसलो होतो. लॉजवाल्याकडे पाहुण्याचे नाव, गाव, ओळखपत्र, येण्या-जाण्याची वेळ, सगळे लिहिलेले असते, आणि तरीही मी त्याकडे आजवर केवळ पोलिसांसाठी भरायची वही म्हणून पाहत आलो, याची खंत वाटली.

तीन वर्षांच्या नोंदी वाराप्रमाणे वेगळ्या केल्या. ताईंचे म्हणणे खरे निघाले: हिवाळ्यातील सोमवार आणि गुरुवारच्या रात्री, म्हणजे देवीच्या वाराच्या आदल्या रात्री, माझ्याकडे शनिवारपेक्षा जास्त माणसे राहिलेली आहेत, आणि त्यांत एका खोलीत चार किंवा पाच नावे असलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. मी शनिवारच्या गर्दीकडे पाहत बसलो होतो. गिऱ्हाईक भलत्याच वारी येत होते.

दुसरी गोष्ट किरणोत्सवाची. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. हे पाहायला येणारा माणूस सूर्यास्तापर्यंत गावात असतोच, आणि अंधार पडल्यावर दूरचा माणूस सहसा निघत नाही. त्या रात्री माझ्या खोल्या भरलेल्या आहेत, शनिवार असो वा नसो. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या तरुणांच्या नोंदीही सापडल्या. ते आदल्या रात्री येतात आणि पहाटे निघतात. यावरून मला असे वाटू लागले आहे की ज्या गोष्टी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे लवकर घडतात, त्याच माणसाला राहायला लावतात. दुपारी बारा वाजता पाहता येणाऱ्या गोष्टींसाठी कोणी राहत नाही. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, त्याचा ४८ खांबांचा स्वर्गमंडप, हे सारे माझ्या पाहुण्यांपैकी फारच थोडे पाहतात, कारण ते त्यांच्या एका दिवसात बसत नाही. जो दुसरी रात्र राहिला, त्यालाच ते पाहता येते.

कर्जाचा निर्णय असा केला आहे: सगळ्या खोल्या नव्या करायच्या नाहीत. खालच्या चार खोल्या काढायच्याही नाहीत. त्याच पाच-पाच खाटांच्या करायच्या, माणशी दराने द्यायच्या, आणि बंब पहाटे साडेतीनला पेटवायचा. त्यासाठी लागणारी रक्कम मूळ कर्जाच्या चौथ्या हिश्शाहून कमी आहे. मागच्या पडवीत अंघोळ आणि सामान ठेवण्याची सोय वेगळी करतो, म्हणजे घरच्यांचेही म्हणणे राहते. तेलुगू आणि कन्नड पाटी रंगवायला दिली आहे. रजिस्टरात 'पुढचा मुक्काम कोठे?' असा एक रकाना वाढवला आहे आणि अंघोळीपुरते येणाऱ्यांनाही तो प्रश्न विचारतो. लोक आनंदाने सांगतात.

किलोमीटर, तुम्हाला एक विचारायचे आहे. मुक्कामी पाहुण्यांसाठी पहाटे जोतिबा आणि उजाडता पन्हाळा अशी फेरी माणशी दराने करता येईल का? म्हणजे संपूर्ण गाडी ठरवण्याची गरज राहणार नाही.

किलोमीटर

करता येईल. सात आसनी गाडीत किमान पाच जण झाले तर मला परवडते, १७ आसनीला ११ हवेत. पहाटे मंदिराच्या आसपास गाडी लावता येणार नाही, म्हणून साडेपाचला बिंदू चौकात उभा राहतो. जोतिबाला सहाच्या सुमारास पोहोचू, पन्हाळ्यावरील तीन दरवाजा आणि सज्जा कोठी करून साडेदहापर्यंत पाहुणे परत तुमच्या दारात. फक्त नावे मला आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा, म्हणजे चालकाला वेळेवर झोपायला सांगता येईल. मंगळवारपासून सुरू करू. दुपारी पाहुण्यांना खिद्रापूर हवे असेल तर त्यासाठी दुसरा चालक ठेवतो.

वहीतला प्रवास

पुढच्या महिन्यात लातूरहून माझ्या मैत्रिणीच्या भजनी मंडळाच्या १२ जणी येणार आहेत. सोमवारची आणि मंगळवारची, अशा दोन रात्री. त्यांतील तिघींना जिना चढता येत नाही. खालच्या तीन खोल्या धरून ठेवा, मी त्यांना आजच फोन करते.